धाकटीचा वरण-भात आणि अमृतसरची गाडी

सुट्टी जवळ आली की आपल्या घरांतून दोन प्रश्न निघतात. कुठे जायचे हा पहिला, आणि तिथे मुले काय खाणार हा दुसरा. पहिल्याचा निकाल पुरुषमंडळी चहाच्या एका कपात लावतात. दुसरा मात्र आपल्या गळ्यात पडतो, आणि तो सुटला नाही तर पहिल्याला काही अर्थ राहत नाही, हे तिकिटे काढणाऱ्याच्या लक्षातही येत नाही!

आमच्या घरी दोन मुली. थोरली तेरा वर्षांची, आठवीत. तिच्यापुढे काहीही ठेवा, पान स्वच्छ. धाकटी सहा वर्षांची. तिचा आहार म्हणजे वरण, भात, तूप आणि वर चिमूटभर मेतकूट. ज्वारीची भाकरी ती फक्त आजीच्या हातची, गरम आणि दुधात कुस्करलेली खाते. भाजीचा रंग भाताला लागला तर तेवढा भात बाजूला. आपल्या मराठवाड्यात असे लेकरू म्हणजे नवलच. इथे भाकरी-ठेच्यावर वाढलेली पोरे गावोगाव. "ही कोकणात जन्मायची ती चुकून आपल्याकडं आली," असे सासूबाई म्हणतात.

पण कोकणानेही काही साधले नाही. धाकटी तीन वर्षांची असताना आम्ही समुद्र बघायला गेलो होतो. तिथला भात जाडा आणि लालसर, वरणात खोबरे. तिने तोंड मिटले ते मिटलेच. दोन दिवस बिस्किटे आणि दूध. तिसऱ्या दिवशी एका खाणावळीत कसेबसे चार घास खाल्ले आणि त्याच रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. परक्या गावात, रात्री अकरा वाजता, डॉक्टर शोधत फिरलो. सलाइन लावावे लागले. घरी परतल्यावर सासूबाईंनी जाहीर केले, "लेकरू जाणतं होईपर्यंत आता कुठं जायचं नाही."

आणि खरोखर तीन वर्षे आम्ही कुठे गेलो नाही. लग्न-मुंजीला गेलो, आजोळी गेलो, पण सहल अशी नाही. हे सगळ्यांना सोयीचेच होते, एक थोरली सोडून. ती बोलत नसे. मात्र गेल्या उन्हाळ्यात शाळेत 'माझी सुट्टी' असा निबंध लिहायचा होता तेव्हा वहीवरून मान वर करून तिने विचारले, "आई, हिच्या पोटासाठी मी किती वर्षं घरी बसायचं?" तिच्या वयाच्या मुलीला अजून चार-पाच सुट्ट्या आपल्याबरोबर यायच्या असतात. मग दहावी, बारावी, क्लास, आणि पुढे ती तिच्या वाटेने. धाकटी जाणती होईपर्यंत थोरली हातची गेलेली असणार. हा हिशेब मांडला आणि दिवाळीच्या सुट्टीत जायचेच असे ठरवले.

जायचे कुठे? थोरलीला इतिहासात जालियनवाला बाग होती. १३ एप्रिल १९१९ ही तारीख तिने पाठ केली होती, आता ती जागा बघायची होती. सासूबाईंना घुमान बघायचे होते. संत नामदेव मूळचे आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे, आणि पंजाबातल्या घुमानला त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले तेव्हापासून सासूबाईंच्या मनात ते गाव होते. ह्यांना सुवर्णमंदिर बघायचे होते. धाकटीला कुणी विचारले नाही, हे कबूल! नांदेडहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस आपल्या शहरातून दुपारी सुटते ती मनमाड, भुसावळ, खांडवा, भोपाळ, दिल्ली करीत दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला. एकच गाडी, बदलाबदली नाही. पण तीस-एक तासांचा प्रवास, आणि बरोबर एक वरण-भातवाली.

आता यातली खरी मेख सांगते. प्रवासात टिकणाऱ्या पदार्थांत भात सर्वांत शेवटी येतो. भाकरी टिकते, दशमी टिकते, धपाटे तर दुसऱ्या दिवशी जास्तच लागतात. शिजवलेला भात मात्र उबेत काही तास राहिला की त्यात एका जातीचे जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. वास येत नाही, आंबटही लागत नाही, पण उलट्या होतात. म्हणून सकाळी केलेली खिचडी डब्यात भरून रात्री मुलाला भरवू नये. आपल्या आज्या-पणज्यांना जंतू ठाऊक नव्हते, पण शिदोरीत त्यांनी भात कधी बांधला नाही. म्हणजे माझी मुलगी जे एक खात होती, तेच नेमके नेता येत नव्हते.

उपाय सुचला तो सासूबाईंनाच. त्या म्हणाल्या, "भात नाही तर भाताचे भाऊबंद न्या." पोहे, मुरमुरे, साळीच्या लाह्या हे सगळे तांदळाचेच की! पातळ पोहे भाजून, त्यात भाजलेली डाळ, मेतकूट, मीठ आणि जराशी पिठीसाखर मिसळून ठेवायची. खाताना वाटीत घेऊन वर गरम पाणी किंवा ताक घातले की दोन मिनिटांत मऊ होते. तूप लहान बरणीत वेगळे. हे मी घरी बरेच दिवस आधीपासून दर एक दिवसाआड संध्याकाळी दिले. नाव बदलले नाही, युक्ती लढवली नाही, "हे गाडीतलं जेवण आहे" असे सांगून दिले. दोनदा तिने वाटी सरकवली. तिसऱ्यांदा बोट बुडवून चाखले. पाचव्यांदा अर्धी वाटी गेली.

इथे थोडे थांबते, कारण 'पाचव्यांदा' हा शब्द महत्त्वाचा आहे. साधारण दोन ते सहा या वयात मुलांना नव्या पदार्थाची चक्क भीती वाटते. हा हट्ट किंवा लाडावलेपणा असेलच असे नाही. चालायला लागलेले लेकरू दिसेल ते तोंडात घालू लागले तर जगणार कसे? तेव्हा अनोळखी चवीपासून लांब राहण्याची ही निसर्गाचीच सोय असावी, असे जाणकार म्हणतात. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा, जबरदस्ती न करता पुढे आला की ओळख पटते. आपण दोन वेळा देतो आणि "तिला नाही आवडत" असा शिक्का मारतो. आणि प्रवासात तर आठ-दहा वेळा कुठला, रोज नवे गाव आणि नवी चव. म्हणून ओळख घरीच करून द्यायची.

दुसरी तालीम आम्ही बाहेर केली. रविवारी डबा घेऊन कधी म्हैसमाळ, कधी वेरूळ, कधी पैठण. (वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. पाहुणे आले की हे विसरू नका.) लेकराला सवय नसते ती फक्त चवीची नव्हे. जमिनीवर बसून, गार झालेले, दुसऱ्याच भांड्यातून, माणसांच्या गर्दीत खायचे ही सगळी नवलाई असते. दौलताबादच्या रस्त्यावर त्या दिवसांत सीताफळांच्या आणि पेरूंच्या पाट्या लागतात. सीताफळ धाकटीने बिया मोजत मोजत खाल्ले आणि तेवीस झाल्या म्हणून नाचली. जेवण म्हणून दिले असते तर हात लावला नसता.

शिदोरीची तयारी तुम्हाला सगळ्यांना येते, तेव्हा फार लिहीत नाही. दशम्यांचे पीठ मात्र निव्वळ दुधात आणि गुळात मळा, पाण्याचा थेंब नको, आणि पूर्ण गार झाल्यावरच फडक्यात बांधा. वाफ कोंडली की दुसऱ्या दिवशी बुरशी. धपाट्यांत कांदा घालायचा मोह आवरा. शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, भाजक्या रव्याला फोडणी देऊन केलेले कोरडे उपम्याचे मिश्रण. फळांत केळी आणि संत्री, म्हणजे सोलून खाता येतील अशीच. चिरलेली फळे विकत घ्यायची नाहीत. विजेची छोटी किटली न्या, पण ती लॉजच्या खोलीत वापरायला. गाडीच्या डब्यात मोबाइलसाठी दिलेल्या जागी किटली लावायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आग लागली तर उपमा कुणाला खायचा आहे? गाडीत गरम पाणी थर्मासमधले.

औषधाच्या पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे हवीतच. मुलाला जुलाब झाले की जेवणाची चिंता बाजूला ठेवून आधी पाण्याची करायची. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य माणसे वाचवली. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. जास्त मीठ घातक, तेव्हा अंदाजपंचे नको. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्या. आणि पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचे आहे ना, हे वाचा. बाजारात बरेच दिवस 'ओआरएस' नाव लावून गोड सरबते विकली जात होती. २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारी अन्न प्राधिकरणाने त्या नावाला बंदी केली, पण आपण डोळे उघडे ठेवलेले बरे.

एवढी तयारी करून निघालो, तरी गाडीत बसल्यावर खरा प्रश्न उभा राहिला तो मोठ्या माणसांचा. मनमाड गेले, धाकटीने पोहे नको म्हटले. सासूबाई कासावीस. "दोन घास तरी... चिऊचा एक, काऊचा एक..." ह्यांनी तेवढ्यात वेफर्सचे पाकीट घेतलेच. मी दोघांनाही निघण्यापूर्वी एक गोष्ट सांगून ठेवली होती, तीच पुन्हा सांगितली. अमेरिकेत शिकागोला क्लारा डेव्हिस नावाच्या एका डॉक्टरबाईंनी पंधरा बाळांवर प्रयोग केला होता. १९३९ साली त्यांनी तो सगळा लिहून प्रसिद्ध केला. दूध सोडायच्या वयाच्या बाळांसमोर चौतीस प्रकारचे साधे पदार्थ आलटून पालटून ठेवायचे आणि दाईने काही म्हणजे काही बोलायचे नाही, बाळ बोट दाखवील ते द्यायचे. पोरे वाटेल तसे खात. एखाद्या दिवशी नुसती केळी, एखाद्या दिवशी नुसती अंडी. पण महिन्यांच्या हिशेबाने पाहिले तर सगळी धडधाकट वाढली. सासूबाईंना ही गोष्ट पटली. ह्यांनी मात्र "मग खाऊ दे ना वेफर्स" असा मुद्दा काढला! तर त्यातली गोम अशी की त्या चौतिसांत साखर नव्हती, बिस्किटे नव्हती, तळलेले काही नव्हते. निवड बाळाची, पण ताटातले पदार्थ बाईंचे. एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी पुढे याचाच नियम केला आहे: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे आईबापांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. मला हा नियम आवडतो, कारण त्यात आपल्यालाही सुट्टी मिळते. वेफर्स थोरलीने आणि ह्यांनी खाल्ले. धाकटीला मी म्हटले, "पोहे इथे आहेत, भुसावळला परत काढीन." भुसावळला तिने केळे मागितले. रात्री उशिरा, दिवे मालवायच्या आधी, पोहे-ताक.

सचखंड एक्स्प्रेसमध्ये एक सोय आहे, ती आपल्या शहरात बहुतेकांना ठाऊक असते. वाटेतल्या काही स्टेशनांवर शीख सेवेकरी प्रवाशांना लंगर वाढतात, फुकट. परभणी, जालना, आपले स्टेशन, पुढे भोपाळ, दिल्ली. प्रवाशांनी आपापली भांडी घेऊन तयार राहायचे. आम्ही चढलो तेव्हा सामान लावण्याच्या धांदलीत ते राहिले. दुसऱ्या दिवशी दिल्लीला मात्र थोरली डबे घेऊन दारात उभी होती. त्या दिवशी कढी-भात होता. वाफाळणारा पांढरा भात! कढी पिवळी आणि भज्यांची, ती धाकटीने नाकारली, पण भातावर तूप-मेतकूट घालून ताटली पुसून खाल्ली. सासूबाई डोळे पुसत होत्या. तेवीस तासांत लेकराच्या पोटात भात गेला होता.

सुवर्णमंदिराच्या लंगरची मला धास्ती होती. तिथे पंगत असते. जमिनीवर लांबलचक पट्ट्या अंथरलेल्या, हजारो माणसे, पुढ्यात ताट, आणि वाढपी बादल्या घेऊन झपझप पुढे जातात. तिथे उष्टे टाकायचे नाही. पोळी हवी तर दोन्ही हात जोडून पुढे करायचे, ती हातात पडते. पुन्हा पुन्हा मागता येते, टाकता येत नाही. धाकटीच्या एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला तिच्याच वयाची, डोक्याला केशरी रुमाल बांधलेली एक पंजाबी मुलगी. त्या मुलीने ओंजळ पुढे केली. धाकटीने तिच्याकडे पाहिले आणि स्वतःची ओंजळ पुढे केली. पोळी पडली. आता टाकायची नाही! मी श्वास रोखून बसले. तिने त्या मुलीसारखाच तुकडा तोडला, तिच्यासारखाच काळ्या डाळीत बुडवला आणि तोंडात घातला. अर्धी पोळी आणि सगळी खीर. उरलेली अर्धी थोरलीने मुकाट्याने स्वतःच्या ताटात घेतली. मी नजर वळवली, ओळखीचे कौतुक केले की धाकटी बिथरते.

मी एका शाळेत काही तास शिकवते. मधल्या सुट्टीत हेच रोज बघते. घरी ज्या भेंडीला नाक मुरडले जाते, तीच शेजारणीच्या डब्यातली चाटून पुसून संपते. १९८० साली लीन बर्च या संशोधक बाईंनी लहान मुलांच्या शाळेत हे तपासून पाहिले होते. एखाद्या मुलाला नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या मुलांच्यात काही दिवस जेवायला बसवले, तर तेही ती भाजी उचलू लागले. दहा वेळा आईने सांगण्यापेक्षा शेजारच्या ताटाचे वजन जास्त. आपल्या जुन्या पंगतीत हे आपोआप होत असे. आता घरात टेबलाशी एकच लेकरू आणि त्याच्याकडे टक लावून बघणारी तीन मोठी माणसे. घास उतरणार कसा?

जालियनवाला बागेत थोरली भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांपाशी बराच वेळ उभी राहिली, बोलली नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिनेही नीट जेवण केले नाही, आणि मी काही म्हटले नाही. घुमानला सासूबाई नामदेवांच्या गुरुद्वाऱ्यात तासभर बसून होत्या. तिथेही पंगत होती. या वेळी धाकटीने ओंजळ स्वतःहून पुढे केली, आणि वाढणाऱ्या म्हाताऱ्या सरदारजींना मराठीत "अर्धीच द्या" म्हणाली. त्यांना ते कसे कळले कोण जाणे, त्यांनी पोळी मोडून अर्धीच दिली.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. प्रत्येक 'नको' म्हणणारे मूल असे हळूहळू मार्गी लागतेच असे नाही. वजन वाढायचे थांबले असेल, घास गिळताना ठसका लागत असेल, पूर्वी खात असलेले पदार्थ एकेक करून सुटत असतील, तर ते बालरोगतज्ज्ञाला दाखवावे, पोह्यांचे प्रयोग करीत बसू नये. आमच्या डॉक्टरांनी निघण्यापूर्वी धाकटीचे वजन-उंची तपासून "बिनधास्त जा" म्हटले होते, म्हणून मला गाडीत थंड बसता आले.

घरी आल्यावर धाकटी बदलली का? छे! दुसऱ्याच दिवशी वरण, भात, तूप, मेतकूट. फक्त आठवड्याने तिने "गुरुद्वाऱ्यातलं काळं वरण" मागितले. सासूबाईंनी अख्खे उडीद आणि हरभऱ्याची डाळ रात्रभर भिजत घातली, कुकरला लावली, आले घातले, लोणी घातले. धाकटीने चाखून पाहिले आणि म्हणाली, "आजी, तिथल्यासारखं नाही, पण चालेल." आता रविवारी ते होते, भाताबरोबर.

आणि थोरलीने आत्तापासून उन्हाळ्यासाठी नकाशा काढला आहे. कन्याकुमारी म्हणते. तिकडे सकाळ-संध्याकाळ भातच असतो, हे धाकटीला तिनेच पटवून ठेवले आहे. सांबारात भाज्या असतात, हे मात्र दोघींपैकी कुणी बोलत नाही.